क्षमा गावंडेची दुरुस्ती

क्षमा गावंडेला ऑफिसातली पोरं पाठीमागे 'इन्स्पेक्टर मॅडम' म्हणायची आणि ते तिला ठाऊक होतं. दुसऱ्यानं लिहिलेला कोड हातात आला की तांदूळ निवडावेत तसा ती तो निवडायला बसे. मेमरीतून जागा मागून घेतलीस, ती परत कुठं केलीस? समोरून किती आलं ते न बघताच कसं ओतून घेतलंस? पोरं वैतागत. एखादा म्हणे, "दीदी, चल तो रहा है ना!" त्यावर ती म्हणायची, "चालून राहिलं म्हणून तर भीती वाटते. बंद पडलेलं सगळ्यायले दिसते."

हा स्वभाव तिला बापाकडून आला. मारोती गावंडे मूळचे वर्ध्याकडचे, रायपूरच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. एकदा टाकीच्या डब्यावर कोणी तरी खडूनं 'रिकामा' लिहून ठेवलं होतं. त्या खडूवर विश्वासून त्यांचा एक सोबती आत उतरला. आत मागच्या मालाची वाफ साचली होती. त्याला वर काढला तेव्हा जीव राहिला नव्हता. त्या दिवशी मारोती घरी येऊन जेवले नाहीत. लहानग्या क्षमाला जवळ घेऊन म्हणाले, "पोट्टे, कोणी रिकामं म्हटलं म्हणून ते रिकामं नसते. आपण वाकून पाहाचं."

ती इंजिनिअरिंगला होती तेव्हाच छत्तीसगड राज्य झालं, रायपूर राजधानी झालं. वर्गातली हुशार मुलं पुण्या-बंगळुराची तिकिटं काढत होती. क्षमाही गेलीच असती, पण वर्गातल्याच शिशिर तेलंगनं तिला अडवलं. शिशिर रायपूरच्या तात्यापारा वस्तीतला, भोसल्यांच्या काळापासून इथं राहिलेल्या घरातला, बोलणं गोड आणि ओळखी उदंड. "तिथं जाऊन तू हजारांतली एक होशील," तो म्हणाला. "इथं राज्यच नवं आहे, क्षमा. जे उभं राहील ते आपल्या हातून उभं राहील." तिला ते पटलं. नुसतं पटलंच नाही, ती त्या वाक्यावर कितीतरी वर्षं जगली.

सुरुवातीची वर्षं खरंच चांगली गेली. शहराबाहेरच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये तापलेल्या लोखंडाची धग मोजणारी कार्डं शिशिरनं काढलेल्या कंपनीनं बसवली. कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये बसून एकाचं बोलणं दुसऱ्याला पोचवतो तो प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, क्षमा लिहायची. धुळीनं डोळे चुरचुरत, बाहेर ट्रक ओरडत, पण तिनं लिहिलेलं वर्षानुवर्षं न अडता चालायचं. लग्नाचं जमता जमता राहिलं, मग आई गेली, मग विषयच निघेनासा झाला. मारोती निवृत्त झाले. बापलेक दोघंच घरात राहिली, आणि तिचं काही अडलंही नाही.

पुढे सरकारी कचेऱ्या एकेक करून शेजारी वसवलेल्या नव्या रायपुरात जाऊ लागल्या. त्यातल्या एका मोठ्या कार्यालयाच्या बायोमेट्रिक हजेरीचं काम शिशिरला मिळालं. बोट ठेवायचं, सेन्सर ठसा टिपणार, हिरवा दिवा लागणार. सकाळचं बोट म्हणजे आगमन, त्यानंतरचं पहिलं म्हणजे प्रस्थान, पुढचं धरायचं नाही. सेन्सर बाहेरून आणलेले होते, ड्रायव्हर मात्र क्षमाचा.

आता यातली गोम अशी. सेन्सरनं टिपलेला ठसा आधी मेमरीतल्या एका राखून ठेवलेल्या जागेत येऊन पडतो. तिला बफर म्हणतात. आपण त्याला भांडं म्हणू. भांडं एकच आणि तेच ते पुन्हा वापरायचं. बोट चांगलं असलं तर ठसा भांडंभर येतो. पण बोट झिजलेलं, कोरडं असलं तर अर्धामुर्धाच येतो, आणि उरलेल्या भांड्यात आधीच्या माणसाचं तसंच पडून राहतं. म्हणून ड्रायव्हरनं दरवेळी भांडं पुसून घ्यायचं, किती आलं ते विचारायचं, तेवढंच पुढं द्यायचं, आणि फारच कमी आलं तर परत पाठवायचं. क्षमानं तसंच लिहिलं होतं.

चाचणीच्या दिवशी त्यामुळेच फजिती झाली. बाबू लोकांची बोटं झटकन लागली. माळी, चौकीदार, सफाईवाल्या आल्या तशी मशीन पुन्हा पुन्हा म्हणू लागली, 'बोट नीट ठेवा.' रांग दारापर्यंत गेली. कुणी अधिकारी घड्याळाकडे बघत म्हणाला, "एक आदमी में इतना टाइम?" शिशिरचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी क्षमानं कोड उघडला तर किती आलं याची तपासणी गायब, आणि भांडं पुसणंही गायब. घाईघाईत दोन्ही एकदम उपटून टाकलं होतं.

"सचिन, हे काढलं कोणी?"

सचिन तिच्या हाताखाली शिकलेला. त्याला मराठी कळायचं, उत्तर मात्र हिंदीत यायचं. "मैंने, दीदी. सर ने बोला था."

ती तडक शिशिरच्या खोलीत गेली. "शिशिर, हे असं करता येत नाही. कमी आलं तर बाकीच्या जागेत आधीच्याचं उरते. मशीन दोघांचं मिळून एक बोट समजते."

"समजू दे की. ठसा अर्ध्याच्या वर जुळला की मशीन मानते. आता कुणी अडत नाहीये, साहेब खूश आहेत."

"पण कोणाच्या नावानं मानते?"

शिशिरनं हात जोडले. "क्षमा, पुढच्या व्हर्जनमध्ये तू म्हणशील ते घालू. आत्ता उद्घाटन तोंडावर आहे. आत्ता नको."

आणि क्षमानं मान डोलावली.

त्याच सुमारास मारोतींना अर्धांगवायूचा झटका आला होता, ती दवाखान्यात येरझारा घालत होती, ही सगळी कारणं खरीच होती. पण त्याहून खरं कारण हे, की ती भांडून थकली होती, आणि पुढचं व्हर्जन येणार यावर तिला विश्वास ठेवायचा होता. पुढचं व्हर्जन आलं नाही. नवी कामं आली.

एके दिवशी त्या कार्यालयातून तक्रार आली. एका मोठ्या साहेबांची हजेरी बिघडली होती. साहेब रोज सकाळी येतात आणि मशीन म्हणते, आल्या पावली गेले. पगार कापला गेला, नोटीस निघाली, साहेब आग पाखडत होते. "जरा बघून ये," शिशिर म्हणाला. क्षमा नव्या रायपुरात पोचली तेव्हा फाटकावरचे दोन चौकीदार खिदळत होते.

"मशीन ठीक है, मैडम. चोर पकड़ा गया. वो सफाई वाली गोंद का अंगूठा बना के लाती थी. साहब से खुन्नस थी."

"कशावरून?"

"कैमरे में दिख रहा है ना! साहब के बाद उसी की उंगली, हर रोज."

क्षमानं विचारलं, "कुठं आहे ती बाई?"

चौकीदारानं हनुवटीनं दाखवलं. समोरच्या रुंद, रिकाम्या रस्त्याच्या कडेला, पुलियाच्या, म्हणजे लहानशा पुलाच्या कठड्यावर एक बाई पदर डोक्यावर घेऊन बसली होती. तिचं नाव कांताबाई. तिचं शेत जिथं होतं तिथं आता असलाच एक रस्ता होता. मोबदल्याचा पैसा मुलाच्या मोटारसायकलीत आणि घराच्या स्लॅबमध्ये गेला. मग ती ठेकेदाराकडे सफाईला लागली. पोलीस चौकीत तिला एक दुपार बसवून ठेवलं होतं, लुगड्याचे ओचे झाडून गोंदाचा अंगठा शोधला होता. तो नव्हताच, तर सापडणार कुठून? तेव्हापासून ती रोज इथं येऊन बसे. साहेबांची गाडी आली की उठून हात जोडी. काच वर असे.

क्षमा शेजारी बसली. "दीदी, मैं कुछू नइ करे हंव," कांताबाई लगेच म्हणाली. हे वाक्य तिनं इतक्या जणांपुढे म्हटलं होतं, की समोर कोण आहे हे बघायचंही तिनं सोडलं होतं.

क्षमानं तिचा हात हातात घेऊन उलटा केला. संडास-मोऱ्यांत ॲसिड टाकून घासून घासून बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती, नदीतल्या गोट्यासारखी. रेषा शोधूनही दिसेनात.

"साहेबांच्या मागूनच कशी यायची तू रोज? सब के पहले क्यों नहीं लगाती थी?"

"साहेब के आगू मा कइसे लगातेंव?" कांताबाईला प्रश्नच विचित्र वाटला. साहेबांची गाडी येते, ती बाजूला सरून भिंतीला लागून उभी राहते, साहेब बोट ठेवून आत जातात, मग ती ठेवते. हिरवा दिवा लागतो. पडद्यावर काय लिहून येतं ते तिला वाचता येत नव्हतं. तिचे स्वतःचे दिवस मात्र गैरहजेरीत पडत होते. ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला, मशीन झूठ नहीं बोलती.

क्षमा तिला घेऊन आत गेली. देखभालीसाठी क्षमाचं स्वतःचं बोटही त्या मशीनमध्ये नोंदलेलं होतं. तिनं आपलं बोट ठेवलं. मग कांताबाईला म्हणाली, "अब तू रख."

हिरवा दिवा लागला. पडद्यावर नाव उमटलं, क्षमा गावंडे.

"हरियर होगे, दीदी," कांताबाईचा चेहरा उजळला. "मोर नाव आइस न?"

क्षमानं पडद्यावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं.

त्या क्षणी फोटो काढावा, चार माणसं बोलवावीत, साहेबांनाच खाली आणावं, हे कुणालाही सुचलं असतं. तिला सुचलं नाही. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोंगावत होती, की उद्या सकाळी ही मशीन पुन्हा हेच करणार. दोष दिसला की हात आधी त्याच्याकडे जायचे, ही तिची आयुष्यभराची सवय. कांताबाईला "मी पाहते, तू घाबरू नको" असं म्हणून ती ऑफिसात परतली.

काम फार नव्हतंच. उपटून टाकलेल्या त्याच ओळी तिला पुन्हा लावायच्या होत्या. वाचण्याआधी भांडं कोरं करायचं. सेन्सर म्हणतो तेवढं खरंच आलं का, आणि ते आपल्या भांड्यात मावतं का, दोन्ही तपासायचं. कमी आलं तर नाकारायचं, आणि झिजलेल्या बोटाला शांतपणे दोनतीनदा संधी द्यायची. तिनं ते एका बैठकीत लिहिलं. शिशिर तिच्या खुर्चीमागं उभा होता. त्यानं या वेळी एका शब्दानं हुज्जत घातली नाही.

"आत्ताच्या आत्ता सगळ्या मशीनवर टाक," तो सचिनला म्हणाला. "आणि जुनं व्हर्जन कुठंही ठेवू नको. उगाच गोंधळ."

क्षमाला वाटलं, लाजला बिचारा. तिच्या मनावरचं ओझं उतरलं. घरी जाऊन तिनं मारोतींना भरवता भरवता सगळं सांगितलं. त्यांची जीभ जड झाली होती. "त्या बाईचं?" एवढंच त्यांनी विचारलं.

"तिचंही होईल, बाबा. लेखी देतो ना आपण."

पण शिशिरकडून लेखी काही निघेना. आज वकिलाला दाखवतो, उद्या साहेब दौऱ्यावर आहेत. शेवटी क्षमानं शिशिरच्या टेबलावर हात आपटला. "शिशिर, तू काहून टाळून राहिला? दोष आपला होता. एक पत्र द्याचं आहे."

"आणि मग?" शिशिरचा आवाज चढला नाही. त्याचा कधीच चढायचा नाही. "बाकीच्या कचेऱ्यांचं काम हातचं जाईल. या पोरांची घरं आहेत, क्षमा. तू दोष काढून टाकलास ना? आता कुणावर अन्याय होणार नाही. झालं ते झालं."

"जिच्यावर झाला ती पुलियावर बसून आहे."

"तिला मी कुठं तरी लावून देतो. माझ्या मावशीकडे बाई हवीच आहे."

हा मनुष्य वाईट नाही, हे क्षमाला त्याही क्षणी दिसत होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

कार्यालयानं कांताबाईवर चौकशी बसवली होती, तिथं क्षमा स्वतःच जाऊन उभी राहिली. चौकशी अधिकारी शरच्चंद्र पाध्ये, रायपूरच्याच जुन्या मराठी घरातले, अत्यंत सभ्य गृहस्थ. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं, तिचं सगळं म्हणणं न तोडता ऐकून घेतलं. साहेब, शिशिर, सचिन, ठेकेदार सगळे होते. कांताबाई दाराशी जमिनीवर बसली होती.

"दाखवता येईल?" पाध्यांनी विचारलं.

"हो," असं क्षमाच्या तोंडून निघून गेलं.

सगळे मशीनपाशी गेले. साहेबांनी बोट ठेवलं, त्यांचं नाव आलं. कांताबाईनं ठेवलं. 'बोट नीट ठेवा.' पुन्हा ठेवलं. 'बोट नीट ठेवा.' तिसऱ्यांदा पुसून ठेवलं, आणि पडद्यावर स्वच्छ अक्षरांत कांताबाईचं नाव उमटलं. मशीन निर्दोष चालत होती. क्षमानं लिहिली होती तशीच.

"हे नवीन आहे," ती म्हणाली. "दोष आधीच्यात होता. मी तो काढून टाकला."

"आधीचं कुठं आहे?"

तिनं शिशिरकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. ऑफिसातलं तिचं लॉगिन त्या सकाळीच बंद झालं होतं, आणि चालू असतं तरी तिथं काही उरलं नव्हतं.

पाध्यांनी सचिनला विचारलं, "पुराने में कोई खराबी थी?"

सचिननं आधी शिशिरकडे पाहिलं. "रूटीन अपडेट था, सर."

"साहेब, मी जुनं पुन्हा लिहून दाखवते ना," क्षमा घाईघाईनं म्हणाली. "जसं होतं तसंच. आज संध्याकाळपर्यंत."

पाध्ये थोडं दुःखानंच हसले. "बाई, तुम्ही आज एक सदोष यंत्र तयार करून आणाल. त्यानं काय सिद्ध होईल? तुम्हाला सदोष यंत्र करता येतं, एवढंच."

"त्या दिवशी मी हिच्यासंगं तपासलं होतं. माझ्या नावावर हिचं बोट लागलं होतं. नोंद आहे."

"नोंद पाहिली मी. तुमचं नाव लागोपाठ दोनदा आहे. दोन्ही वेळा बोट तुम्हीच ठेवलं नाही, हे कशावरून?"

त्या दिवशी चौकीदार तिथंच उभा होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, ध्यान नहीं दिया, साहब.

अहवाल पाध्यांच्या स्वभावासारखाच सौम्य निघाला. खोटा अंगठा सापडला नाही, म्हणून गुन्हा दाखल करू नये. परंतु संशयास पुरेशी जागा असल्यामुळे सदर महिलेला शासकीय आवारात पुन्हा कामावर घेऊ नये. साहेबांचा कापलेला पगार परत मिळाला. यंत्रणा विश्वासार्ह असल्याचं शेवटी एका ओळीत नमूद केलं होतं, आणि त्या ओळीच्या जोरावर शिशिरला पुढची दोन कार्यालयं मिळाली.

क्षमानं नोकरी सोडली. शिशिर तिला दारापर्यंत सोडायला आला. "तुझ्यामुळे आता कुणालाही त्रास होणार नाही, हे तरी खरं आहे ना?" तो म्हणाला. ते खरंच होतं. या खऱ्याचंच तिला विष झालं. पुढे शहराबाहेरच्या एका खासगी कॉलेजात ती शिकवायला लागली. मुलांना परीक्षेपुरत्या नोट्स हव्या असत. बफर कोरा का करायचा, यावर ती तासभर बोले, आणि मागच्या बाकावरून कुणी तरी विचारी, "मैडम, ये पेपर में आएगा क्या?"

मारोती गेल्यानंतर बऱ्याच दिवसांनी ती कांताबाईच्या गावी गेली. गाव कसलं, नव्या रायपुराच्या दोन रुंद रस्त्यांमध्ये अडकून राहिलेला एक पारा, म्हणजे वस्ती. कांताबाईनं तिला ओळखलं, खाट टाकली, सुनेला चहा ठेवायला सांगितला. आता ती कुठंच कामाला जात नव्हती. शिशिरच्या मावशीकडे ती आठवडाभर गेली होती. तिथं कपाटाला कुलूप घालून किल्ली कमरेला लावलेली दिसली, तशी परत आली. रेशनच्या दुकानातही आता अंगठ्याची मशीन आली होती. तिथं सून जाते. "मैं नइ लगावंव," ती म्हणाली. कितीही समजावलं तरी मशीनपुढे तिचा हात उठत नव्हता.

चहा झाला. क्षमानं बरोबर आणलेलं लुगडं पुढं केलं. कांताबाईनं ते घेतलं नाही, परतही सारलं नाही. ते खाटेवरच पडून राहिलं. मग तिनं एवढे दिवस मनात धरलेला प्रश्न विचारला. रागानं नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून.

"दीदी, तैं ओ मसीन ला अतका जल्दी काबर बना देस? दू-चार दिन अउ बिगड़े रहन देतेस. सब्बो झन देख लेतिन."

दोनचार दिवस बिघडलेलीच राहू दिली असती, तर सगळ्यांनी बघितलं असतं. क्षमा म्हणाली, "दुसऱ्या कोणाचं नुकसान होऊ नये म्हणून." म्हणता म्हणताच ते तिला स्वतःला ऐकू आलं.

"हव," कांताबाई म्हणाली. "दूसर के."

सून कपबशा उचलून आत गेली. अंगणात शेजारच्या दोनतीन बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि आपसात काही तरी बोलत होत्या. कांताबाईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"अब झन आबे, दीदी. पारा वाले मन फेर पूछे लगथें, का करे रहिस कहिके."

आता तिनं येऊ नये, वस्तीतले लोक 'काय केलं होतं हिनं' असं पुन्हा विचारू लागतात. क्षमा उठली. चपला घालताना तिला वाटलं, कांताबाई निदान अंगणापर्यंत येईल. ती आली नाही. पुन्हा क्षमा तिकडे कधी गेली नाही.